भर उन्हाळ्यात तरंगा हलत नाही : पुण्याच्या धरणांवरील नेहमीच्या अडचणीचे निवारण

एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत पुण्याच्या आसपासच्या धरणांवर गळ टाकून बसणाऱ्यांना एक अडचण दरवर्षी येते. उजाडताना एक-दोन मासे लागतात, सात-साडेसातपर्यंत गळाच्या दोरीवरचा तरंगा अधूनमधून थरथरतो आणि ऊन चढले की सगळे थांबते. मग आमिष बदलले जाते, गळ बदलला जातो, होडी या काठावरून त्या काठाला नेली जाते, पिठाचे गोळे एकामागून एक पाण्यात पडत राहतात, आणि दुपारी तीनला पाहावे तर तरंगा सकाळी नऊला होता तसाच उभा असतो. मी पुण्याहून पाहुण्यांना घेऊन पानशेत, वरसगाव आणि भाटघरच्या फुगवट्याकडे जातो. पैसे देऊन आलेला माणूस दिवसभर उन्हात बसून रिकाम्या हाताने परतला तर त्याचा जाब मलाच द्यावा लागतो, त्यामुळे या अडचणीच्या मुळाशी जाणे मला भाग पडले. खाली लिहिलेले निवारण मुख्यतः खोल आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याच्या धरणांसाठी आहे. हिरव्या पाण्याचा प्रकार वेगळा असल्याने त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण पुढची बहुतेक मेहनत त्यामुळेच वाया जाते. ऊन वाढले की मासा थंडाव्यासाठी तळाला जातो, म्हणून गळही तळाला सोडावा, असे जवळजवळ प्रत्येक जण गृहीत धरतो. मीही कित्येक उन्हाळे तसेच केले. हा समज ज्या माशाच्या बाबतीत खरा आहे तो मासा आपल्याकडे नाही. परदेशातील मासेमारीचे व्हिडिओ पाहून हा समज इकडे अधिकच पक्का झाला असावा, असे मला वाटते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कोथरूडहून एक गृहस्थ आले होते. मुलाकडे कॅनडात राहून ते नुकतेच परतले होते आणि तिथे एका वाटाड्याबरोबर त्यांनी लेक ट्राउटची मासेमारी केली होती. तो दिवसही उन्हाळ्यातला आणि मंदच होता. वाटाड्याने पोलादी तारेला जड वजन बांधून आमिष तीस मीटर खाली सोडले, होडी अगदी सावकाश चालवली, आणि चार तासांनी का होईना, एक मोठा मासा लागला. तो अनुभव मनात ताजा असल्यामुळे त्यांनी पानशेतलाही तोच आग्रह धरला. त्यांनी स्वतः आणलेले अर्धा किलोचे शिसे दोरीला बांधले आणि मला म्हणाले, “तुम्ही फार वरवर टाकता. मासा खाली आहे.” आमचे होडीवाले मामा मुठा खोऱ्यातले जुने मच्छीमार. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “सायेब, तळाला निस्ता गाळ हाय. मासा मधीच टांगलेला हाय.” साहेबांनी ते मनावर घेतले नाही. साडेदहा ते दोनपर्यंत त्यांचा गळ तळाला पडून होता. शेवटी शिसे वर काढले तेव्हा त्याला चिकटलेला गाळ काळाकुट्ट होता आणि त्याला सडलेल्या अंड्यासारखा वास येत होता. या संपूर्ण अडचणीचे निदान त्या वासात आहे.

लेक ट्राउट उत्तर अमेरिकेतील थंड, खोल सरोवरांत राहतो. नावात ट्राउट असले तरी तो खरे म्हणजे ‘चार’ (char) नावाच्या गटातला मासा आहे. त्याला साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी मानवते, म्हणून उन्हाळ्यात वरचा थर तापला की तो खाली उतरतो. तिथल्या अनेक सरोवरांचे पाणी निर्मळ असते, तळाशी सडणारा पाला-गाळ कमी असतो आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, त्यामुळे खाली गेलेल्या माशाला गारवाही मिळतो आणि श्वासही घेता येतो. आपल्याकडे यातले काहीच लागू होत नाही. आपले कटला, रोहू, मृगळ हे उष्ण पाण्याचे मासे आहेत आणि २८-३० अंशांच्या पाण्यात ते मजेत असतात. उष्णतेपासून पळून तळाला जाण्याची त्यांना गरजच नसते. उलट धरणाच्या तळाशी उन्हाळ्याच्या शेवटी प्राणवायू इतका कमी झालेला असतो की तिथे थांबणे त्यांना शक्य होत नाही.

हे असे का होते, ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण हे एकदा समजले की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. धरणाचे पाणी उन्हाने वरून तापते आणि तापलेले पाणी हलके असल्यामुळे वरच राहते. खालचे गार पाणी जड असते. या दोन थरांच्या मध्ये एक पातळ पट्टा असतो आणि त्यात एकदोन मीटरच्या अंतरात तापमान झपाट्याने उतरते. थंड देशातील सरोवरांपेक्षा आपल्याकडे हा पट्टा कमी अंशांच्या फरकावरही घट्ट टिकतो, कारण पाणी जितके उष्ण तितका दर अंशामागे त्याच्या घनतेत पडणारा फरक मोठा असतो. ४ अंशांचे पाणी ५ अंशांचे झाले तर घनतेत जेवढा फरक पडतो, त्याच्या तीस पटींहून अधिक फरक २९ अंशांचे पाणी ३० अंशांचे झाल्यावर पडतो. त्यामुळे वर ३० आणि खाली २५ अंश एवढा साधा फरकदेखील दोन्ही थर एकमेकांत मिसळू देत नाही. वारा सुटला तरी तो वरचे पाणी तेवढे ढवळतो. खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो, तळाचा पाला आणि गाळ कुजत राहतो, त्यात उरलासुरला प्राणवायू खर्च होतो आणि गाळातून तो कुजका वास येऊ लागतो.

त्यात भर म्हणजे वरच्या चांगल्या पाण्यातही प्राणवायू फार नसतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच मावतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे त्यातही सहा-सात टक्क्यांची घट होते. दुसरीकडे पाणी तापले की माशाच्या शरीराचा प्राणवायूचा खर्च वाढतो आणि खाल्लेले पचवायलाही प्राणवायू लागतो. पाच मिलिग्रॅमच्या वर असेल तोपर्यंत मासा नीट खातो आणि तिनाच्या खाली गेले की तो खाणे टाकतो, असा मत्स्यशेतीतला ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे भर दुपारी मासा समोर असूनही आमिषाला तोंड लावत नाही, यात आमिषाचा दोष बहुतेक वेळा नसतो.

तपासणीला फारसा खर्च येत नाही. मी वापरतो ते साधन घरीच केलेले आहे. साधा काचेचा तापमापी घ्यावा, त्याचा खालचा फुगा मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणात चार-पाच वेळा बुडवून त्यावर लिंबाएवढा मेणाचा गोळा तयार करावा आणि तो सगळा प्लॅस्टिकच्या नळीच्या तुकड्यात बसवून खाली पाव किलो शिसे बांधावे. मेणामुळे तापमापी सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, म्हणून खालून वर ओढताना वाटेत आकडा बदलत नाही. दोरीला दर मीटरवर लाल लोकरीची गाठ मारलेली असावी. प्रत्येक खोलीवर तो दहा मिनिटे लोंबकळत ठेवावा, भराभर वर ओढून लगेच आकडा वाचावा आणि वहीत लिहावा. दोन, चार, सहा, आठ मीटर अशा चार नोंदी चहा-नाश्ता होईपर्यंत मिळतात. दोन लागोपाठच्या नोंदींत एकदम दोन-तीन अंशांची उडी दिसली की दोन पाण्यांमधला तो पट्टा, म्हणजे आमच्या भाषेत ‘थर’, तिथे आहे असे समजावे. त्या उडीच्या खाली गळ सोडण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या जागी दोन मीटरवर ३० अंश, चारवर साडेएकोणतीस, सहावर २९ आणि आठवर एकदम २६ होते. त्या दिवशी आम्ही सहा मीटरच्या खाली एकदाही गेलो नाही.

तापमापी नसेल तर शिशाचा आधार घ्यावा. तळाला टेकवून वर आणलेल्या शिशावरचा गाळ तपकिरी आणि मातीच्या वासाचा असेल तर त्या खोलीवर मासा असू शकतो. तो काळा आणि घाण वासाचा असेल तर जागा सोडावी. याहून विश्वासाची खूण मच्छीमारांच्या जाळ्यात दिसते. रात्री लावलेले उभे जाळे पहाटे काढले जात असताना मासे जाळ्याच्या कोणत्या भागात अडकले आहेत ते पाहून घ्यावे. मार्च महिन्यात ते वरपासून खालपर्यंत विखुरलेले असतात. मेमध्ये मात्र वरच्या भागात मासे असतात आणि खालचा भाग रिकामा, बुळबुळीत असतो. मामांना “टांगलेला” हा शब्द कुठल्याही यंत्राने शिकवला नव्हता. तीस-चाळीस वर्षे त्यांनी जाळ्याचा खालचा भाग रिकामा निघताना पाहिला होता. ज्यांच्याकडे फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारे यंत्र) आहे त्यांनी पडद्यावर मधल्या खोलीवर दिसणाऱ्या कमानी पाहाव्यात आणि तळ दाखवणारी जाड रेघ तूर्त विसरावी.

थर कुठे आहे ते कळले की उपाय माशानुसार ठरतो. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते आणि तो मुख्यतः पाण्याच्या वरच्या भागातील सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यासाठी तरंग्याखाली एक ते दीड मीटरवर आमिष टांगावे आणि सोबत पाण्यात हळूहळू विरघळून ढगासारखे पसरणारे पीठ वापरावे. भाजलेला तांदळाचा कोंडा आणि पावाचा चुरा यांना थोडेसे शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ लावून हाताने दाबले तर फुटेल आणि पाण्यात पडल्यावर मिनिटभरात सुटेल, इतपतच मळावे. तळाच्या मासेमारीसाठी आपण मळतो तसा घट्ट गोळा इथे निरुपयोगी ठरतो, कारण तो सरळ मेलेल्या पाण्यात जाऊन पडतो. रोहू मधल्या पाण्यात फिरतो. त्याच्यासाठी सरकता तरंगा लावावा आणि दोरीवर धाग्याची गाठ मारून खोली ठरवावी. थराच्या एक-दीड मीटर वरून सुरुवात करावी आणि दर वीस मिनिटांनी अर्धा मीटर वर यावे.

मृगळ आणि सिप्रिनस (कॉमन कार्प) हे तळाला चरणारे मासे आहेत, म्हणून त्यांच्याबाबतीत गोंधळ होतो. त्यांना तळ लागतोच, मात्र तो चांगल्या पाण्यातला तळ लागतो. थर सहा मीटरवर असेल तर जिथे तळच तीन ते पाच मीटरवर आहे अशी उतरती जागा शोधावी. बुडालेल्या शेताचा जुना बांध, गाडीरस्त्याचा उंचवटा किंवा टेकडीची पाण्यात उतरलेली सोंड अशा जागी ते उन्हाळ्यातही सापडतात. पानशेत आणि वरसगावचे पाणी मे महिन्यात बरेच उतरलेले असते, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारे बांध उघडे पडतात आणि त्यांची दिशा पाहून ते पाण्यात पुढे कुठे गेले असतील याचा अंदाज बांधता येतो. उन्हाळ्याच्या शेवटी एक रिकामी फेरी मारून, मासे न धरता, या उघड्या जमिनीचे फोटो काढून ठेवावेत. पुढच्या हिवाळ्यात ती जमीन पाण्याखाली गेली की त्याच फोटोंवरून जागा सापडतात.

पिठाचे प्रमाण हा दुसरा दोष आहे आणि तो मात्र पूर्णपणे आपला असतो. मासा लागत नाही म्हटले की माणूस जास्त पीठ टाकतो. मासा आधीच कमी खाणारा, पाण्यात प्राणवायू बेताचा, आणि न खाल्लेले दोन-तीन किलो पीठ तळाशी कुजून उरलेला प्राणवायूही खाते. शिवाय पोट भरलेला मासा गळावरच्या लहानशा गोळ्याकडे कशाला वळेल? उन्हाळ्यात दोन माणसांच्या दिवसभराच्या मासेमारीला अर्धा किलो कोरडे पीठ पुरते, आणि तेही लिंबाएवढ्या गोळ्यांनी, पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने टाकावे. गळावरचा गोळा बोराएवढा ठेवावा. पाणी निवळशंख असेल तर दोरीही एक नंबर बारीक घ्यावी आणि शिसे आमिषापासून हातभर लांब ठेवावे. बडीशेप, मध, वेलची या सुवासांवरून आपल्याकडे फार वाद होतात. माझे मत असे की योग्य खोलीवर साधी कणीकही चालते आणि चुकीच्या खोलीवर कस्तुरीही चालत नाही.

आता वेळ आणि वारा यांच्याविषयी. मे महिन्यात पुण्यात सूर्योदय सहाच्या सुमारास होतो आणि सूर्यास्त सातच्या सुमारास. स्वच्छ पाण्याच्या धरणावर साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत, एवढीच खरी मासेमारी धरावी. दुपारनंतर पश्चिमेचा वारा घाटमाथा ओलांडून येतो आणि वरचे पाणी पूर्वेच्या काठाकडे ढकलतो. तिथे लाटांमुळे हवा मिसळते, पाणी किंचित गढूळ होते, तरंगणारे खाद्य साचते आणि मासा बिनधास्त काठाशी येतो. बहुतेक लोक मात्र वाऱ्याच्या आडोशाला, झाडाखाली, शांत पाण्यावर बसतात, कारण तिथे माणसाला बरे वाटते. मी पाहुण्यांना डोक्याला टोपी आणि अंगभर सुती कपडे घालायला लावून लाटा आपटणाऱ्या काठावर बसवतो. सुरुवातीला कुरकुर होते.

हवेच्या दाबाला दोष देण्याची पद्धतही बाहेरूनच आली आहे. थंड देशांत वादळांच्या येण्याजाण्याने दाब मोठ्या प्रमाणात वरखाली होतो आणि तिथले लोक त्यावरून मासेमारीचा अंदाज बांधतात. आपल्याकडे उन्हाळ्यात दाब रोज एकाच लयीत चढतो-उतरतो : सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, आणि रात्री पुन्हा तसेच एक आवर्तन होते. हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा, म्हणजे पाण्याच्या तीन-चार सेंटिमीटर खोलीएवढा असतो. मासा शेपटी एकदा हलवून याहून जास्त वर-खाली जातो. तेव्हा मोबाइलवरचे दाबाचे आकडे पाहून घरी बसण्याचे कारण नाही.

पुण्याच्या धरणांना एक गोष्ट मात्र खास लागू होते आणि ती परदेशी सल्ल्यात कधीच सापडत नाही : कालव्याचे आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यात ठरावीक दिवस पाणी सोडणे. खडकवासल्यातून उन्हाळी आवर्तन सुटले की वरच्या धरणांतून पाणी खाली सोडले जाते. त्या दिवसांत वरच्या धरणाची पातळी रोज उतरते, काठाजवळचा उथळ भाग उघडा पडू लागतो आणि मासा काठ सोडून आत सरकतो. काल ज्या दगडावरून मासा लागला त्या दगडावर आज बसून उपयोग होत नाही. अशा वेळी काठाला एक काठी रोवून पाण्याच्या रेषेवर खूण करावी. दोन तासांत रेषा उतरलेली दिसली तर गळ नेहमीपेक्षा लांब, पहिल्या मोठ्या उतारापलीकडे टाकावा. याच्या उलट, खाली खडकवासल्याच्या फुगवट्यात जिथे वरून आलेला प्रवाह मिसळतो तिथे उन्हाळ्यातली सर्वांत चांगली जागा तयार होते. धरणातून पडताना आणि दगडगोट्यांतून वाहताना त्या पाण्यात हवा मिसळलेली असते, ते गारही असते आणि मासे त्याच्या तोंडाशी जमतात. येथे भर दुपारीही मासा लागतो. मात्र विसर्ग अचानक वाढू शकतो, म्हणून नदीपात्रात उतरून कधीही उभे राहू नये. भोंगा वाजला की सामान मागे ठेवूनही वर यावे.

वाहत्या पाण्याच्या तोंडाशी क्वचित महाशीर लागतो, ज्याला आपल्याकडे खडशी असेही म्हणतात. त्याला इतर माशांपेक्षा जास्त प्राणवायू लागतो, त्यामुळे तो उन्हाळ्यात अशाच जागी एकवटतो आणि म्हणूनच सहज मारला जातो. या माशाचे पुण्याशी जुने नाते आहे. दख्खनच्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केले ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरूनच. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात याची पिल्ले तयार करून अनेक पाण्यांत सोडली गेली आहेत. आमच्या होडीत महाशीर परत सोडला जातो, यावर चर्चा होत नाही. गरम पाण्यात मासा लवकर दमतो, म्हणून त्याला खेळवत बसू नये, पाण्याबाहेर धरून फोटो काढत राहू नये, आणि सोडताना प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः हातातून निसटेपर्यंत धरावा. मे महिन्यातील कटला-रोहूच्या माद्याही गाभोळीने भरलेल्या असतात आणि पावसाळ्यात नद्यांना पूर आला की त्या अंडी घालतात. पोट फुगलेली मोठी मादी परत सोडण्याचा आग्रह मी धरतो. घरी न्यायला चिलापी भरपूर मिळते.

आता हिरव्या पाण्याबद्दल. उजनीसारख्या जलाशयात शहरांचे सांडपाणी उतरते, त्यामुळे पाणी शेवाळाने हिरवे होते आणि वर सांगितलेले वेळेचे गणित उलटे होते. दिवसभर उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करते आणि रात्रभर तेच शेवाळ तो वापरते, म्हणून अशा पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो नेमका पहाटे. पहाटे चारला उठून भिगवणला पोहोचलेल्या माणसाला पहिले तीन तास काहीच मिळत नाही आणि तो कंटाळून निघतो त्या सुमारास मासा खायला लागतो. पाणी हिरवे आहे की नाही हे डोळ्यांनी कळते, पण किती हिरवे ते मोजायचे असेल तर घरातील पांढरी बशी दोरीला बांधून पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली पाहावी. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्रात पांढरी तबकडी सोडून वापरलेली ही पद्धत आजही सरोवरांच्या अभ्यासात चालते. बशी अर्ध्या मीटरच्या आत नाहीशी झाली तर पहाटे झोपून घ्यावे, साडेआठ-नऊला सुरुवात करावी आणि उजेड असेपर्यंत, वारा लागणाऱ्या काठावर, पृष्ठभागापासून मीटर-दीड मीटरच्या आतच मासेमारी करावी. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले तर ते भुकेले आहेत असे समजून पीठ टाकू नये. ते श्वासासाठी धडपडत असतात आणि त्या वेळी टाकलेले पीठ त्यांच्या जिवावर उठते.

दुपारच्या वेळी पाहुण्यांच्या हाताला काही काम हवेच असेल तर मरळ हा एक उपाय आहे. मरळ हवेतून श्वास घेऊ शकतो आणि त्यासाठी त्याला ठरावीक वेळाने वर यावेच लागते. पाण्यातील प्राणवायू घटल्याने इतर मासे सुस्तावतात तेव्हाही तो शिकार करतो. फुगवट्याच्या टोकाला, पाणवनस्पतींच्या कडेने, गुडघाभर पाण्यात दबक्या पावलांनी चालावे आणि पाण्यावर हलका ‘चुप्’ असा आवाज होऊन वर्तुळ उमटते का ते पाहावे. वर्तुळाच्या पलीकडे रबरी बेडूक टाकून तो संथपणे वर्तुळावरून आणावा. लालसर पिल्लांचा झुबका पाण्यात दिसला तर जवळच नर-मादी राखण करत असतात आणि कशावरही झेप घेतात. त्यांना धरले तर काही मिनिटांत पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात, म्हणून ती जागा सोडून पुढे जावे.

हे सर्व करण्यापूर्वी परवानगीचा प्रश्न मिटवलेला असावा. बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो, तेव्हा त्या संस्थेची संमती घ्यावी, त्यांच्या जाळ्यांपासून लांब राहावे आणि शक्यतो त्यांच्यापैकीच कोणाला होडीवाला म्हणून सोबत घ्यावे. होडीत प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट असावे. उकडते म्हणून ते काढून बसणाऱ्याला मी काठावर उतरवतो.

अडचणीचा एक भाग मासेमारीचा नसून आखणीचा आहे, हे मला उशिरा उमगले. पूर्वी मी पाहुण्यांना सकाळी सातला स्वारगेटहून घेत असे. सिंहगड रस्त्याची गर्दी, डोणज्याला चहा, आणि पानशेतच्या पाण्यावर पोहोचेपर्यंत नऊ वाजत, म्हणजे मासा थांबण्याच्या वेळेला आमची सुरुवात होई. आता उन्हाळ्यात मी दोनच पर्याय ठेवतो : आदल्या रात्री मुक्कामाला येणे, नाहीतर दुपारी तीनला निघून रात्री परतणे. मुक्कामी आलेल्यांना साडेअकरा ते चार या वेळात आंब्याखाली पिठलं-भाकरी, ताक आणि झोप मिळते, आणि गळ या वेळात गुंडाळून ठेवलेले असतात. या वेळात मासा लागणार नाही, हे आरक्षण घेतानाच स्पष्ट सांगतो. दोन-तीन जणांनी ते ऐकून बेत रद्दही केला, पण दिवसाच्या शेवटी होणारी वादावादी संपली.

हे सर्व उपाय करूनही मासा लागत नाही असा एक दिवस उरतो, आणि तो आदल्या रात्रीच्या जोरदार वळिवानंतरचा. गारांचा, सोसाट्याच्या वाऱ्याचा वळीव झाला की वरचे पाणी एकदम निवते, थर मोडतो आणि तळाचे मेलेले पाणी वर येऊन सगळीकडे मिसळते. सकाळी पाण्यावर पाल्याचे तुकडे आणि बारीक बुडबुडे दिसतात, पाण्याला तोच कुजका वास येतो आणि मेणाच्या तापमापीवर वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकच आकडा येतो. त्या दिवशी खोली बदलून, आमिष बदलून काही होत नाही. ओढ्याचे नवे पाणी जिथे आत शिरत असेल तिथे तासभर प्रयत्न करून पाहावा. तिथेही तरंगा हलला नाही, तर पाहुण्यांचे अर्धे पैसे परत करून तिसऱ्या-चौथ्या दिवसाची तारीख द्यावी, कारण तोपर्यंत पाणी निवळून मासा पुन्हा खायला लागतो.